तिसरी खूण

मंगळवारी अकराच्या सुमारास मी फोन पुसत होते, आणि त्याच्या छोट्या खिडकीत तो नंबर उमटला. शेवटी दोन सात सात. फडकं तसंच हातात राहिलं. आमच्या दवाखान्यात बाहेरून कुणी फोन केला तर तो वाजत नाही. नुसता एक दिवा लुकलुकतो आणि आतलं यंत्र माझ्याच आवाजात पलीकडच्याशी बोलायला लागतं. 'नमस्कार. आपलं कार्ड आमच्याकडे आहे. तारीख मिळाली की आम्हीच तुम्हाला फोन करू. कृपया पुन्हा फोन करू नये.' टेबलापाशी यातलं काही ऐकू येत नाही. पण ते माझंच बोलणं, तीन वेळा रेकॉर्ड करून चौथ्यांदा मनासारखं झालेलं, त्यामुळे कुठे श्वास घेतलाय हेसुद्धा मला ठाऊक. दिवा लुकलुकत होता तेवढा वेळ माझे ओठ आपोआप हलत होते. मग दिवा विझला. ज्याचा तो नंबर, तो माणूस जाऊन पाच महिने झाले होते.

मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार. आमचे हे चारचौघांत सांगतात, हिला लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर हिने माझ्या ऑफिसचा नंबर घेतला. तसं काही झालं नव्हतं, पण झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं. रिटायर झाले तेव्हा गुडघे गेले होते, डोळे निम्मे गेले होते, आवाज तेवढा शिल्लक होता. तो मी इथे आणून दिला. आठवड्यातून चार दिवस, फुकट. दवाखानाही फुकटच. पूर्वी इथे टपाल कचेरी होती. तिकिटांच्या खिडकीतून आता औषधं मिळतात, आणि पत्रं लावायचे भिंतीतले खण माझ्या ताब्यात आहेत. एकेका खणावर चिठ्ठी चिकटवलेली: हृदय, डोळे, हाडं, मेंदू. प्रत्येकात कार्डांची चळत. ताप, खोकला, साखर, रक्तदाब हे आमचे डॉक्टर त्याच दिवशी बघतात. त्यापलीकडचं काही निघालं की माणसाचं कार्ड होतं आणि ते खणात जातं. हृदयाचे मोठे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या हॉस्पिटलात आमची आठ माणसं तपासतात. आठ म्हणजे आठच. खणात तेव्हा पंचावन्न कार्डं होती.

त्या आठातलीही दोन-तीन माणसं यायचीच नाहीत. कुणाला निरोप मिळायचा नाही, कुणी धसका घ्यायचा. मोठ्या डॉक्टरांच्या कचेरीतून आमच्या डॉक्टरांच्या मोबाईलवर करड्या आवाजात फोन यायचा की आम्ही जागा देतो आणि तुमचे लोक वाया घालवतात. आमचे डॉक्टर कपाळाला हात लावून बसायचे. तेव्हा मीच सुचवलं. सलग तीन दिवस, रोज अकराला फोन करायचा. उचलला आणि येतो म्हणाला तर जागा पक्की. प्रत्येक फोनला कार्डाच्या पाठीवर एक खूण. तीन खुणा झाल्या आणि उत्तर नाही, तर कार्ड चळतीच्या तळाशी आणि जागा पुढच्याला. वर्षभरात सात महिन्यांची वाट दहा आठवड्यांवर आली. डॉक्टरांनी भिंतीवर आलेख लावला. खाली उतरत गेलेली ती रेघ बघायला मी येता-जाता उगाच थांबत असे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट कुणीतरी भिंतीवर लावली होती.

त्या माणसाच्या कार्डावर तीन खुणा आहेत. फोन मी दोनच केले होते.

हे वाक्य मी इतक्या सरळ कुणाला सांगितलेलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. पाच महिने ते माझ्या आत दुसऱ्याच कुठल्या रूपात होतं. भाजी चिरताना, चष्मा शोधताना मधेच वाटायचं की काहीतरी करायचं राहिलंय. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, म्हणून उठून बघायचे. सगळं बंद असायचं. आमच्या ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं. टीव्ही मोठ्याने लावून बसतात, आणि मी त्या गोंगाटात मान वर करून विचारते, फोन वाजला का हो? ते म्हणतात, मला विचारतेस? खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही, फक्त खवखव घशात होत नाही, कानात होते.

तो कारखान्यात लेथवर काम करायचा. कार्डावर धंदा या रकान्यात 'टर्नर' लिहिलेलं, म्हणून माझ्या मनात तो टर्नर. बावन्न वर्षांचा, हाडापेराने चांगला, पण जिना चढला की ओठ निळसर व्हायचे. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि दोनदा लावली, तेव्हाच मला कळलं की हे कार्ड माझ्याकडे येणार. तो माझ्यासमोर बसला तेव्हा हृदयाच्या खणाचं झाकण नेहमीप्रमाणे लोंबत होतं. मी कार्ड लिहीत असताना तो उठला, खिशातून किल्ली काढली आणि तिच्या टोकाने बिजागरीचा स्क्रू आवळला. न विचारता, न बोलता. तेव्हापासून ते झाकण बंद होताना टक्‌ असा आवाज येतो. बाकीच्या खणांची अजून लोंबतात. मग म्हणाला, "बाई, कामावर फोन गेटवरच्या पेटीत ठेवावा लागतो. मशीनपाशी न्यायला परवानगी नाही. तुमचा फोन आला आणि मी नसलो तर?" मी मान वर न करता म्हटलं, "आम्ही तीनदा करतो. तीन दिवस, अकरा वाजता. काळजी करू नका." माझ्या त्या सुप्रसिद्ध आवाजात. त्याने खरंच काळजी सोडल्यासारखं तोंड केलं.

त्याची पाळी आली तेव्हा मंगळवारी फोन केला, उचलला नाही. बुधवारी केला, उचलला नाही. गुरुवारी काय झालं ते मी हजार वेळा उलगडून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी ते तेवढंच लहान निघतं. साडेअकराच्या आत आठ माणसांची यादी पाठवायची होती. सात झाली होती. समोरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई कडेवर पोर घेऊन बसली होती. तिचं कार्ड टर्नरच्या मागचंच. ती धापा टाकत होती आणि तरी पोराला हसवत होती. तेवढ्यात चहा आला. मी चहाचा घोट घेतला, कार्ड उलटं केलं, मनात म्हटलं, हा काही उचलत नाही, आणि खूण केली. पेन आधीच हातात होतं. टक्‌ करून झाकण लावलं आणि बाईला म्हटलं, "शनिवारी मोकळ्या आहात का?" तिच्या झडपेचं ऑपरेशन झालं. ती आता दर महिन्याला येते, जिना न थांबता चढते आणि म्हणते, मावशी, तुमच्यामुळे. मी म्हणते, अहो, माझं काय त्यात. हे मी विनयाने म्हणते असं तिला वाटतं. टर्नरचं कार्ड तळाशी गेलं, आणि ते वर यायच्या आत, साधारण सहा आठवड्यांनी, आमच्या नर्सने सांगितलं की तो गेला. कामावरून घरी जाताना जिन्यात बसला तो बसलाच. मी कार्डावर आडवी रेघ मारली आणि ते रद्द कार्डांच्या पेटीत ठेवलं. लगेच पुढचं कार्ड उचललं. बाकी सगळं नंतर आलं.

एक्सचेंजमध्ये आमच्या वर एक मोठ्या बाई होत्या. नव्या मुली आल्या की त्या एकच धडा द्यायच्या. घंटा वाजते म्हणजे माणूस कुणाच्या तरी दाराशी उभा आहे. नऊ घंटा होईपर्यंत त्याला दारातून हाकलायचं नाही. म्हातारी माणसं उठेपर्यंत सात होतात. मी त्यांची लाडकी होते, कारण मी दहापर्यंत थांबायचे. माझ्या जागेवरून कधी कुणाचा फोन अर्धवट तुटला नाही. निरोपसमारंभात हेच बोलले लोक माझ्याबद्दल. त्या बाई आता नाहीत. पण मंगळवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटलं, हातात ती त्यांची वही, आणि त्या काहीच विचारत नव्हत्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी डॉक्टर खुशीत होते. शहरातले आणखी दोन फुकट दवाखाने आपली पद्धत उचलणार होते. शनिवारी बैठक होती. "तुम्हीच बोलायचं," ते म्हणाले. "मला नकोय पुढेपुढे करायला. नियम तुमचा, तुम्हीच सांगा. आणि दहा-बारा जुनी कार्डं घेऊन या नमुन्याला. खुणा दिसल्या पाहिजेत." मी म्हटलं, "मला कुठे बोलता येतं." ते म्हणाले, "एकतीस वर्षं काय करत होता मग?" मी हसले. हसता हसता घड्याळाकडे पाहिलं, अकराला दोन मिनिटं होती. कापडाने फोन पुसायला लागले, पुसायचं काही नव्हतं. अकरा वाजून गेले, आणि खिडकीत नंबर उमटला. शेवटी दोन सात सात. उचलावं असं एकदाही मनात आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. हात फोनवर होता. फोन उचलला की यंत्र गप्प होतं आणि आपण बोलू लागतो, एवढं सोपं आहे ते. पण मी माझ्या आवाजाला बोलू दिलं. तो माझ्यापेक्षा फार शांत आहे. तो कुणालाही सांगू शकतो की कृपया पुन्हा फोन करू नये.

दुपारी रद्द कार्डांची पेटी काढली. डॉक्टरांना नमुने हवे होते म्हणून, असं मनाला सांगितलं. टर्नरचं कार्ड मधेच कुठेतरी असेल म्हणून शोधत बसले, तर ते वरच होतं. पाठीमागे तीन खुणा. पहिल्या दोन जरा तिरक्या, कारण खांद्याशी रिसीव्हर धरून, घंटा मोजत मोजत केलेल्या. तिसरी अगदी सरळ, सुबक. शाळेतल्या गुरुजींना दाखवावी अशी. इतके दिवस ती कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. कुणी बघितलंच तर म्हणेल की बाईंचं काम किती नेटकं. मग मी बाकीची कार्डं काढली आणि प्रत्येकाच्या पाठीवरची तिसरी खूण पाहत सुटले. सगळ्या तिरक्या होत्या. दीडशे कार्डांत एकच सरळ. याने मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मला सवय होती असंही आता म्हणता येत नव्हतं. एकदाच केलं होतं मी ते, आणि त्याच्याच वेळी.

गुरुवारी नंबर उमटला नाही. सव्वाअकरा झाले. बाकावर सातआठ माणसं, एक आजोबा सगळ्यांना आपल्या मुतखड्याची हकिगत सांगत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तेवढ्यात दारातून एक मुलगी आली. पंचविशीच्या आतली, बाह्यांना पिठाचे डाग, डोळे जागरणाने लाल. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन तिने एक जुना बटणांचा फोन माझ्यासमोर ठेवला. मला नंबर विचारायची गरज पडली नाही.

"फोन लागतच नाही तुमचा," ती म्हणाली. "तेच ते बोलणं ऐकू येतं. म्हणून आले. बेकरीतून सुटले ती सरळ इथेच." मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. "माझे बाबा इथे दाखवायला यायचे. लेथवर होते. माझा फोन बिघडला म्हणून परवा बाबांचा चार्ज केला, कपाटातच होता. यात तुमचे दोन मिस्ड कॉल आहेत. मंगळवार आणि बुधवार." तिने बटणं दाबून मला ते दाखवले. मी पाहिले. "बाबा म्हणायचे, दवाखाना तीनदा करतो. बुधवारी संध्याकाळी पेटीतून फोन घेतला तेव्हा दोन झालेले दिसले त्यांना. त्यांनी लावून पाहिला, तर आम्हीच करू म्हणून सांगितलं. मग गुरुवारी त्यांनी खाडा केला. बावीस वर्षांत लग्नं सोडून कधी खाडा केला नव्हता. अंघोळ करून, चांगला शर्ट घालून नऊपासून फोन मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, बाबा, फोनवर बोलायचंय, दिसणार नाही कुणाला. तर म्हणाले, असू दे."

आजोबांची मुतखड्याची गोष्ट चालूच होती. मी कार्डांच्या चळतीवर हात ठेवला होता आणि तो मला उचलता येत नव्हता.

"मला एवढंच विचारायचंय," मुलगी म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मला बरं नव्हतं. अकरा वाजायच्या जरा आधी मी त्यांच्या फोनवरून बेकरीत फोन लावला, येत नाही म्हणून सांगायला. माझ्या फोनमध्ये पैसे नव्हते. मुकादम बोलत बसला. सात मिनिटं. यात आहे ते, दहा अठ्ठावन्नपासून सात मिनिटं. बाबा समोर बसून नुसते हात करत होते, की आटप. तुमचा फोन तेव्हाच आला असेल ना? एंगेज लागला असेल. एंगेज लागला तर मिस्ड कॉलमध्ये येत नाही, मी विचारलं दुकानात." तिने फोन परत हातात घेतला. "ते मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, नंबर लागायचा तेव्हा लागेल. तुम्ही लिहून ठेवता ना सगळं? एंगेज लागला होता का, तेवढं सांगा."

हो म्हटलं की झालं असतं. हे मी आता लिहितेय म्हणून नाही सांगत; त्या क्षणी ते माझ्या जिभेवर आलं होतं, माझ्या शांत आवाजात, तयार. एंगेज लागला होता, बाळ. त्यात तुझा काही दोष नाही, असं होतं कधीकधी. किती मायेने म्हणता आलं असतं. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, भिंतीवर ती रेघ उतरत गेलेली, शनिवार दोन दिवसांवर. आणि ही पोर पाच महिने नाही, तीन दिवस हे घेऊन फिरत होती, पण पुढची चाळीस वर्षं फिरली असती. एंगेज लागल्याचा आवाज मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं तो कानात घेऊनच मी घरी जायचे. त्या गुरुवारी तो मी ऐकला नव्हता. काहीच ऐकलं नव्हतं.

मी टर्नरचं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर पालथं ठेवलं. "या तीन खुणा," मी म्हटलं. "एका फोनला एक. पहिले दोन फोन मी केले. तिसरा केलाच नाही. खूण केली, फोन केला नाही." तिला कळलं नाही. "म्हणजे एंगेज..." "एंगेज नाही. मी लावलाच नव्हता. तू सात मिनिटं बोललीस काय, दिवसभर बोलली असतीस काय, काही फरक पडणार नव्हता. तुझे बाबा बसले होते, आणि मी इथे चहा पीत होते." हा माझा आवाज नव्हता. चिरका होता, म्हातारा होता. आजोबा वळून बघायला लागले. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्या हातात कुणाचा तरी एक्स-रे होता. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "शनिवारी मी हेच कार्ड आणणार आहे. तेव्हाही हेच सांगेन." ते एक्स-रे तसाच उजेडात धरून उभे राहिले.

मुलगी कार्डाकडे बघत होती. तिसऱ्या खुणेवर तिने बोट ठेवलं, पुसली जाते का बघितल्यासारखं. ती ओरडेल, रडेल, हात उगारेल, सगळ्याची मी तयारी केली होती. पाच महिने तेच तर करत होते. तिने शेवटी बाकावर जागा बघितली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. बटणांचा फोन दोन्ही हातांनी मांडीवर धरला. पाठ ताठ केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता करा."

मी म्हटलं, "बाळ..."

"अकरा वाजून गेलेत. करा."

मी रिसीव्हर उचलला. नंबर शोधावा लागला नाही. तिच्या मांडीवर फोन वाजला, जुनाट, मोठ्या आवाजात, गेटवरच्या पेटीतून आतपर्यंत ऐकू यावा म्हणून लावून ठेवलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. दुसरी घंटा. तिसरी. माझ्या कानातही वाजत होता आणि समोरही, एकामागोमाग, मधे अगदी थोडं अंतर ठेवून. चौथ्या घंटेला खिडकीतून औषधं देणाऱ्या बाईने डोकं बाहेर काढलं. पाचव्याला मी रिसीव्हर ठेवायला गेले, तर मुलीने मान हलवली, नाही. सातव्या घंटेला आजोबांना राहवलं नाही. ते तिच्याकडे वाकले आणि म्हणाले, "पोरी, फोन वाजतोय. घे की. कुणाचा तरी महत्त्वाचा असेल."

तिने घेतला नाही. मी मोजत राहिले.